एकवीस मिनिटं एक्कावन्न सेकंद आणि खंडूचा चहा

चिंचवड (कंपनीतूनच, जेवणाच्या सुट्टीत)
बुधवार, दि. २४ फेब्रुवारी १९८२

ति. सयाजीमामांना आणि मामींना,
नीलाचा सविनय जयभीम.

हे पत्र टपालाने आलं नाही म्हणून दचकू नका. पत्र आणणारा इसम म्हणजे आमच्या कँटीनचा खंडू. राहतो तुमच्या तळेगावातच, पाचला सुटतो आणि लोकलने घरी जातो. त्याला आत घेऊन पाणी द्या, पण चहा देऊ नका. दुसऱ्याच्या हातचा चहा तो तोंडात धरतो, वर बघतो आणि मग सुधारणा सुचवतो. मामींना ते सहन व्हायचं नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? आईला मामींचं पत्र आलं त्यात गुडघ्यांवर एकच ओळ होती आणि पुढची दोन पानं तुमच्यावर. निवृत्त झाल्यापासून तुम्ही व्हर्नियर घेऊन भाकरीची जाडी मोजता म्हणे. परवा एक भाकरी कडेला जाड निघाली, ती तुम्ही 'रिजेक्ट' म्हणून बाजूला काढलीत आणि मामींनी त्या दुपारी तुम्हाला रिजेक्ट मालच वाढला. आई हसून हसून खोकायला लागली. मी मात्र मनातून म्हटलं, माणूस अजून तयारीत आहे. (असं का म्हटलं ते पुढे कळेल.)

आधी बातमी सांगते, सविस्तर नंतर. मामा, आमचं यंत्र चाललं! काल, मंगळवारी, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, तीन तास दहा मिनिटं, एकदाही न अडकता! मला इतका आनंद झाला की संध्याकाळी पिंपरीला जायच्या ऐवजी आळंदीच्या बसमध्ये बसले आणि कंडक्टरने तिकीट विचारल्यावर त्यालाच सांगितलं, चाललं बरं का. तो म्हणाला, बस चालायलाच पाहिजे. असो. तुम्हाला माहीत आहे, आमची कंपनी मूळची ट्रान्सफॉर्मरवाली. दोन वर्षांपूर्वी साहेबलोकांच्या मनात आलं आणि एका कोपऱ्यात पडदा लावून 'संगणक विभाग' निघाला. माणसं नऊ. काम असं की भोसरीच्या एका फाउंड्रीसाठी एक छोटा कॉम्प्युटर करायचा. त्याने तिथल्या तीन भट्ट्यांचं तापमान सतत बघायचं आणि एखादी भट्टी प्रमाणाबाहेर तापली की त्याच भट्टीवरचा लाल दिवा लावायचा, म्हणजे तिथली माणसं वेळेत लांब होतील. काल हे साधलं नसतं तर विभागाचा पडदा निघणार होता. आठ जण परत ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळायला गेले असते, आणि नववी म्हणजे मी, सहा महिन्यांची टेंपररी, थेट घरी.

आता या यंत्राच्या आत जो मुख्य प्रोग्रॅम असतो त्याला आमच्याकडे कर्नल म्हणतात. (पलटणीतला नव्हे. बी फोडल्यावर आत जो गर निघतो ना, तो.) तुमच्या शॉपमध्ये शिफ्टचा सुपरवायझर काय करायचा? स्वतः एकही जॉब कापायचा नाही, पण कुणी कुठल्या मशीनवर उभं राहायचं, कुणाची पाळी संपली, कुणाला हत्यारं द्यायची, हे सगळं तोच बघायचा आणि तो अर्धा दिवस रजेवर गेला की सगळ्यांच्या हातात बिड्या. तसाच हा कर्नल. पहिल्या भट्टीचं तापमान बघणारं एक काम, दुसरीचं एक, तिसरीचं एक, छापणारं एक. सगळ्यांना आळीपाळीने उठवायचं आणि झोपवायचं. हा अख्खा कर्नल, चार हजार ओळींचा, हिंदुरावांनी एकट्याने लिहिलाय. हिंदुराव कोल्हापूरकडचे, बुद्धीने अफाट आणि नाकावर राग. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे असं म्हणणं म्हणजे त्यांच्या घरच्या तांबड्या रश्श्यात मीठ कमी आहे असं म्हणणं.

आणि यंत्र तर बंद पडत होतं! रोज सकाळी नऊला सुरू केलं की वीस मिनिटं झकास. मग खंडू किटली घेऊन यायचा, कप लागायचे, आणि दोन मिनिटांत यंत्र गप्प. दिवे जिथल्या तिथे, कागदावर छापणारा टेलिप्रिंटर मुका. पहिले चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी आमच्या अण्णासाहेबांच्या लक्षात आलं. (अण्णासाहेब आमचे विभागप्रमुख. तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर केले, कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं स्वतःच सांगतात, म्हणून मला आवडतात.) ते म्हणाले, हा चहावाला आला की बंद पडतं. झालं! हार्डवेअरवाल्यांनी सांगितलं, किटलीच्या वाफेने सर्किटवर दमट हवा बसते. एकाने खंडूच्या पत्र्याच्या ट्रॉलीत स्थिर विद्युत शोधली. हिंदुरावांना तर हर्षच झाला, कारण चहात दोष असला की कर्नलमध्ये नाही. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: विभागात चहा आणू नये.

खंडूला हा अपमान असा झोंबला म्हणता! तो मावळातल्या गावचा, आधी कोळसा वाहायचा, आता बारा वर्षं चहा करतोय. तो नऊ वीसला किटली घेऊन दाराबाहेर येऊन उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. नऊ बावीसला यंत्र बंद! तो बाहेरून ओरडला, "बगा साहेब, आमी आत हाय का? न्हाई! च्या आत हाय का? न्हाई! मग त्याला काय झालं?" यावर एका शहाण्याने तोड काढली की वास आत येतो. मग खंडूला जिन्याखाली उभं केलं. तरी बंद. मग कँटीनमध्येच थांबवलं. तरी बंद. पाटी मात्र निघाली नाही, कारण लावलेली पाटी काढायला कुणाची सही लागते ते कुणालाच माहीत नव्हतं. जिन्याशी भेटला तेव्हा खंडू मला हळूच म्हणाला, "ताई, मी रोज घड्याळ बगून येतो. त्ये यंत्र बी घड्याळ बगूनच मरतंय." मामा, तेव्हा मी हसले. आता कुणी असं काही सांगितलं तर कानात प्राण आणून ऐकणार आहे.

त्याच संध्याकाळी मला तुमचं गेज आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन, तुम्ही ते भोकाचं माप तपासायचं दोन तोंडांचं लोखंडी गेज घरी आणलं होतंत. एक तोंड भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठं, दोन्ही अडली तर लहान. 'गो' आणि 'नो-गो'. तुम्ही बांगड्यांपासून नळाच्या तोटीपर्यंत घरातलं सगळं तपासलंत आणि आईच्या जात्याचा खुंटा नापास केलात. तेव्हाच मी तुमच्या डाव्या हाताच्या दोन अर्ध्या बोटांबद्दल विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, प्रेसमधली एक पिन तुटली. तिचं भोक लहान, म्हणून ती आत आवळून बसायची, तरी भोक गेजातून पास झालेलं, कारण कुणीतरी माल बसेना म्हणून मालाऐवजी गेजच कानशीने घासलं होतं. त्यानंतर तुम्ही मशीन सोडून इन्स्पेक्शनला गेलात आणि एकवीस वर्षं एकही तुकडा तुमच्या सतरा नंबरच्या शिक्क्याशिवाय असेंब्लीला गेला नाही. मला एकदम वाटलं, आपण काय करतोय? चार हजार ओळी एकत्र जोडून चालवतोय आणि बंद पडल्या की चहावाल्याकडे बघतोय. जोडायच्या आधी एकेक तुकडा सुटा तपासत का नाही?

हे मी मीटिंगमध्ये म्हटलं आणि हिंदुराव उठून खिडकीशी गेले. खिडकीला तोंड करून म्हणाले की कर्नल सुटा तपासता येत नाही, तो सगळ्यांच्या तळाशी असतो, त्याला खरं घड्याळ लागतं, खरी भट्टी लागते, खरा टेलिप्रिंटर लागतो. बरोबर होतं त्यांचं, म्हणून तर माझी दोन रात्री झोप उडाली. तिसऱ्या दिवशी दात घासताना सुचलं: खरं नसेल तर खोटं देऊ! कामाला उठवणारा तुकडा एकटा बाहेर काढायचा आणि त्याच्याभोवती सगळी खोटी मंडळी उभी करायची. खोटी भट्टी, मी सांगेन तो आकडा सांगणारी. खोटा टेलिप्रिंटर, काहीही पाठवलं तरी मिळालं म्हणणारा. आणि खोटं घड्याळ, मी म्हणेन तितके वाजवणारं! बिचाऱ्या तुकड्याला पत्ताच नाही की बाहेर जग नाही, नुसती नीला बसली आहे. मग त्याला प्रश्न घालायचा, उत्तर काय यायला हवं ते आधी कागदावर स्वतः काढून ठेवायचं, आणि जुळलं तर टेलिप्रिंटरवर 'गो', नाही जुळलं तर 'नो-गो' छापायचं. हो, तुमचेच शब्द. अण्णासाहेबांना हे 'गो, नो-गो' इतकं पटलं (आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरमधलं काही कळलं, असं म्हणाले) की त्यांनी टूलरूमकडून मला शिक्का करवून दिला. तेवीस नंबर. पास झालेल्या प्रत्येक तुकड्याच्या कागदावर उमटवायचा.

आता मजा ऐका. खरं घड्याळ सेकंदाला पन्नास ठोके देतं. वीस मिनिटं म्हणजे साठ हजार ठोके. एवढा वेळ कोण बघत बसणार? पण माझं घड्याळ खोटं! मी त्याला एका फटक्यात सांगितलं, पासष्ट हजार पाचशे वाजले. मग एकेक ठोका पुढे. आणि पासष्ट हजार पाचशे पस्तीसनंतर पुढचा ठोका पडला तो शून्य! स्कूटरचा किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येतो ना, तसा. घड्याळाचा आकडा ठेवायला हिंदुरावांनी खण ठेवला होता लहान आणि उठायच्या वेळेसाठी मोठा. झोपलेल्या कामाला सांगून ठेवलेलं की पासष्ट हजार सहाशेला ऊठ. तो आकडा त्या घड्याळात कधी येणारच नाही! काम झोपलं ते झोपलंच. टेलिप्रिंटरने खडखड करत 'नो-गो' छापलं आणि मी खुर्चीवरून उठून ओरडले. पासष्ट हजार पाचशे छत्तीस ठोके, भागिले पन्नास, म्हणजे एकवीस मिनिटं एक्कावन्न सेकंद. नऊला सुरू केलं की नऊ बावीस. खंडू बरोबर होता. यंत्र घड्याळ बघूनच मरत होतं!

हिंदुरावांनी तो कागद हातात घेतला, तीनदा वाचला, चार ओळी बदलल्या. मग कँटीनमध्ये गेले, खंडूकडून दोन कप चहा घेतला, एक स्वतः प्यायले आणि एक पाटीखालून आत आणून माझ्या टेबलावर ठेवला. माफी याहून मोठी असते का, मला माहीत नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग आम्ही दोघांनी मिळून धडाका लावला. ते तुकडे काढून द्यायचे, मी खोटी मंडळी उभी करायची. शनिवारी संध्याकाळपर्यंत एक्क्याऐंशी तपासण्या झाल्या. अण्णासाहेब म्हणाले, पाहुण्यांना शंभराच्या वर आकडा सांगता आला तर बरं दिसेल. सोमवारी दुपारी मी आकडा एकशे बारावर नेला. एकशे बारापैकी एकशे बारा 'गो'! सगळ्यांवर तेवीस नंबर!

आणि मग कालचा दिवस. फाउंड्रीचे फोरमन मारुतराव आले. साठीला टेकलेले, भुवया भट्टीवर करपलेल्या. खऱ्या भट्ट्यांच्या जागी टेबलावर तीन विजेच्या शेगड्या मांडल्या होत्या. (तिसरीची कॉइल सकाळीच जळली, म्हणून दोनच तापवल्या. कुणाचं काही अडलं नाही.) नऊ वीस झाले. अण्णासाहेब उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, खंडू, चहा आण. अख्खा विभाग घड्याळाकडे बघत! खंडू ट्रॉली ढकलत आत आला, बारीक बारीक पावलं टाकत, नव्या नवरीसारखा. नऊ एकवीस. नऊ बावीस. नऊ तेवीस! यंत्र चालूच! खंडूने दुसऱ्या शेगडीवर किटली ठेवली, शेगडी तापली, दुसरा लाल दिवा टच्चकन लागला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मारुतरावांना कळेना, चहा आला म्हणून टाळ्या कसल्या. जाताना त्यांनी मला विचारलं, "पोरी, माजी माणसं ह्या दिव्याच्या भरवशावर उभी ऱ्हानार. ऱ्हाऊ दे का?" मी म्हणाले, राहू दे काका, एकशे बारा वेळा तपासलंय. ते मान डोलावून गेले. यंत्र परवा, शुक्रवारी, भोसरीला जाणार आणि अण्णासाहेब मला परमनंट करायचं पत्र टाइप करायला सांगणार.

तर अशी तुमच्या भाचीची विजयवार्ता. गुडघ्यांना तेल लावा, मामींना जपा, भाकरीला माफ करा.

तुमची गेजवाली भाची,
नीला

ता. क. — पत्र घडी घालायला घेतलं आणि थांबले. मारुतरावांचा प्रश्न कालपासून डोक्यातून जात नाही. मामा, सोमवारच्या दुपारबद्दल वर मी एकाच वाक्यात उरकलं ना? त्या एकतीस तपासण्या मी कशा केल्या ते सांगते. उत्तर काय यायला हवं ते कागदावर काढायला वेळ नव्हता. म्हणून तुकडा आधी चालवला, त्याने जे उत्तर दिलं तेच 'बरोबर उत्तर' म्हणून लिहून घेतलं, मग तोच तुकडा पुन्हा चालवला आणि जुळतंय का पाहिलं. जुळणारच की! तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्ता वर तुमच्या बोटांबद्दल लिहिताना हात थांबला होता, पण उत्साहात पुढे गेले. माल बसेना म्हणून मी गेज घासलंय मामा. एकतीस वेळा. आणि वर शिक्का मारलाय.

दुसरा ता. क. — राहवलं नाही म्हणून त्या एकतीसपैकी पहिलीच तपासणी आत्ता पेन्सिलने सोडवली. तिसरी भट्टी प्रमाणाबाहेर गेली की कुठला दिवा लागायला हवा? तिसरा. कर्नल लावतो पहिला. मी 'पहिला' हेच बरोबर उत्तर म्हणून लिहून घेतलं होतं. काल तिसरी शेगडी तापली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. मारुतरावांची माणसं पहिल्या भट्टीपासून पळाली असती आणि तिसरीपाशी जाऊन उभी राहिली असती. मी हे अण्णासाहेबांना सांगायला जाते आहे. परत येऊन पुढचं लिहीन, नाही तर खंडूबरोबर मीच येईन, मामींना सांगा भाकरी एक जास्त टाका.

तिसरा ता. क. — सांगितलं. अण्णासाहेब म्हणाले, फाउंड्रीला फोन लावा, यंत्र शुक्रवारी येणार नाही, पुढचं तपासून झाल्यावर येईल. माझ्या परमनंटच्या पत्राचंही तेच, तपासून झाल्यावर. मी मान्य केलं. हिंदुराव खिडकीशी गेले नाहीत. म्हणाले, उरलेल्या तीसची उत्तरं आपल्यापैकी कुणीच काढू नयेत, आपण सगळ्यांनी प्रोग्रॅम पाठ केलाय, आपली पेन्सिल त्याच्याच वाटेने जाईल. ज्याला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही आणि जो मालाकडे बघून गेज बदलणार नाही, असा माणूस हवा. तुमच्या गेजाची गोष्ट माझ्याकडून ऐकलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मामा, उद्या गुरुवार, आमच्याकडे विजेची सुट्टी, यंत्र बंद. पण पेन्सिलला वीज लागत नाही. सकाळच्या लोकलने चिंचवडला या. मी मराठीत सांगेन, या तुकड्याने काय करायला हवं, आणि तुम्ही उत्तर काढायचं. हिंदुराव स्वतः दाराबाहेर बसणार आहेत, तोंडातून उत्तर निसटू नये म्हणून. मला माहीत आहे, निरोपाच्या दिवशी तुमच्यासमोर तुमचा सतरा नंबरचा शिक्का कानशीने घासून सपाट केला तेव्हापासून कुठल्याही कंपनीची पायरी चढायची नाही असं तुम्ही ठरवलंय. नियमच तो, निवृत्त माणसाचा शिक्का दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून. पण तुम्हाला ते लागलं, आणि मला तुमच्यासाठी लागलं. अण्णासाहेब शिक्क्याशिवाय तपासणी मानत नाहीत. टूलरूमवाल्याने विचारलं, मामांच्या शिक्क्यावर नंबर कोणता टाकू? मी सांगितला.

खंडूच्या डाव्या खिशात तो आहे, फडक्यात गुंडाळलेला. मागून घ्या. येणार नसाल तर त्याच्याच हाती परत पाठवा, माझी काही तक्रार नाही. फक्त घासून पाठवू नका.